हाताला गुण

आमच्याकडे डॉक्टरची डिग्री कुणी वाचत नाही. पाटीवर नावापुढे एमबीबीएस असो, बीएएमएस असो, की खुद्द डॉक्टरांनाही आठवून सांगावी लागतील अशी चार परदेशी अक्षरं असोत, पेशंट मान वर न करता पाटीखालून आत शिरतो. बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना तो एकच विचारतो, 'यांच्या हाताला गुण आहे ना?' बाकावरची मंडळी माना डोलावतात. संपली मुलाखत, झाली निवड.

हाताला गुण असणं ही भानगड कुठल्याच मेडिकल कॉलेजात शिकवत नाहीत. एकाच वर्षी पास झालेले दोन डॉक्टर एकाच गल्लीत समोरासमोर बसतात, एकाच घाऊक दुकानातून गोळ्या आणतात. एकाकडे जत्रा, दुसऱ्याकडे फक्त त्याचा कंपाउंडर. दुसऱ्याच्या गोळीनेही ताप उतरतो, पण लोक म्हणतात, 'उतरायलाच आला होता.' पहिल्याच्या गोळीने उतरला नाही तर म्हणतात, 'ताप भारी चिवट होता हो.'

आमच्या तालुक्याच्या गावी असे एक गुणी हाताचे डॉक्टर होते. त्यांचा निम्मा इलाज बाहेरच्या बाकावरच उरकत असे. सकाळी आठला नंबर लावायचा, दहाला डॉक्टर यायचे, बाराला आपली पाळी. तेवढ्या वेळात डावी-उजवीकडच्यांची दुखणी ऐकून आपलं दुखणं तसं किरकोळच आहे, या निष्कर्षाला माणूस आलेला असे. मग आत. डॉक्टर आधी काही बोलत नसत. मनगट धरायचे, डोळे मिटायचे आणि घड्याळाकडे न बघता नाडी बघायचे. मग जीभ. मग पोट दाबून 'इथं दुखतं?' तेवढ्या जोरात दाबल्यावर पैलवानाचंही पोट दुखेल, पण डॉक्टरांनी नेमकी जागा हुडकली म्हणून पेशंट थक्क. आणि मग डॉक्टर म्हणायचे, 'हं.' रोग सापडला, असे पुष्कळ बघितलेत, घाबरायचं कारण नाही, इतकं सगळं त्या एका 'हं'मध्ये असे. पुढे शहरात मी पुष्कळ स्पेशालिस्ट बघितले. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, फोटो आहेत, रिपोर्टांच्या फायली आहेत. तसा 'हं' मात्र एकालाही साधत नाही. ते म्हणतात, 'बघू या.' आता 'बघू या' या शब्दांनी कुणाचं कधी काही बरं झालंय?

बाहेर खिडकीत कंपाउंडर. त्याच्यामागे तीन मोठ्या बरण्या: तांबडी, पिवळी, पांढरी. बाटली आपली आपण घरून न्यायची, धुऊन. तीत औषध भरून तो बाटलीवर कागदाची पट्टी डकवी. पट्टीला कात्रीने खाचा पाडलेल्या, एक खाच म्हणजे एक डोस. खोकल्याला तांबडं, अपचनाला तांबडं, अंग मोडून आलं तर तांबडं आणि वर एक पांढरी पुडी. रंग सोडला तर या बरण्यांत फारसा फरक नसावा, असा संशय मला लहानपणीही होता. पण एखाद्या वेळी औषध खाचेच्या थेंबभर खाली गेलं, तर आमची आत्या घाबरीघुबरी होऊन कंपाउंडरकडे माणूस पाठवी, 'जास्त गेलंय, काय करू?' कंपाउंडरही गंभीरपणे निरोप धाडी, 'रात्रीचा डोस थोडा कमी घ्या.'

रंगाची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेत सिनसिनाटीला मेडिकलच्याच विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो १९७२ साली छापून आला. त्यांना सांगितलं, एक उत्तेजक औषध आहे आणि एक गुंगीचं. प्रत्यक्षात गुलाबी आणि निळ्या कॅप्सूल होत्या, औषध एकीतही नव्हतं. निळीवाल्यांना जांभया आल्या, गुलाबीवाले त्या मानाने तरतरीत राहिले आणि दोन घेणाऱ्यांवर एकीपेक्षा जास्त परिणाम झाला. उद्या डॉक्टर होणाऱ्यांची ही गत. आमच्या कंपाउंडरला सिनसिनाटी कुठं आहे ते माहीत नव्हतं, पण पोरांना तांबडं आणि म्हाताऱ्यांना पिवळं हा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता.

औषधाच्या जोडीला पथ्य. वांगं बंद, हरभऱ्याची डाळ बंद, आंबट बंद, रात्रीचं दही बंद. काहीच बंद न करणाऱ्या डॉक्टरविषयी आमच्या घरात चांगलं मत नसे. 'सगळं खा म्हणाला. त्याला काय कळतंय?' हे मामांचं वाक्य. औषध घ्यावं ते मामांनी. त्यांच्या मते औषधाची निम्मी ताकद ते घेण्याच्या रीतीत असते. गोळी डाव्या हाताने घ्यायची नाही, पाणी कोमटच लागतं, आणि घेताना पूर्वेकडे तोंड असलं तर उत्तमच. डॉक्टरांनी 'कधीही घ्या, चालेल' म्हटलं, तर मामा ती गोळी घरी आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवून देत. जिला वेळेची पर्वा नाही, अशी गोळी मामांची तरी का करील?

या सगळ्यावर कळस म्हणजे सुई. खेड्यापाड्यातून आलेला माणूस गोळ्या घेऊन उठतच नसे. 'डॉक्टरसाहेब, सुई मारा की एक.' नको म्हटलं तर त्याचा चेहरा पडे. मैलभर चालून आलो, दिवसाची मजुरी बुडवली, आणि ढुंगणाला हात न लावताच हा घरी धाडतो? सुईला दोन पायऱ्या. साधी, आणि दुखणारी. दुखणारी जास्त गुणकारी. 'अशी सणकून बसली सांगतो, घरी जाईस्तोवर ताप गायब.' सुईच्या वर सलाईन. गावाकडे आजही माणसं थकली की 'दोन सलाईनी लावून येतो' म्हणून निघतात. जुलाब-ओकाऱ्यांनी खरोखर सुकलेल्याला ती बाटली जीवदान देते, त्याबद्दल वाद नाही. पण नुसत्या थकव्याला? लिटरभर साध्या सलाईनमध्ये मीठ असतं ९ ग्रॅम. म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत चमचाभराहून कमी मीठ आणि बाकी पाणी. तेवढं पाणी आणि मीठ पिठल्याभाकरीबरोबर आपण एरवी बिनबोभाट पोटात घालतो. पण सलाईन लावलेल्याला बघायला लोक शहाळी घेऊन येतात, सुना वारा घालतात, थोरला भाऊ वाटणीचं भांडण विसरून खाटेजवळ उभा राहतो. माठातलं पाणी पिणाऱ्याला कुणी काय म्हणून विचारावं? तो तास-दोन तास खाटेवर पडतो आणि ताजातवाना होऊन उठतो. हे उठणं खोटं नसतं, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. तो खरंच उठतो, आणि दुसऱ्या दिवशी नांगर धरतो.

हा सगळा आपल्याकडच्या अडाण्यांचा बाजार आहे, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी जरा इंग्लंडात बाथ गावी चलावं. साल १७९९.

पण त्याआधी दोन मिनिटं अमेरिकेत थांबणं भाग आहे. तिथे कनेटिकट राज्यात एलिशा पर्किन्स नावाचा डॉक्टर होता. १७९६ साली त्याने एका उपकरणाचं पेटंट घेतलं. उपकरण म्हणजे धातूच्या दोन सळया. तीनेक इंच लांब, एका टोकाला बोथट, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार, एक पिवळसर, एक पांढरट. दुखऱ्या भागावरून वीसेक मिनिटं त्या ओढत राहायचं, की दुखणं आतून खेचलं जाऊन बाहेर पडतं. संधिवात, डोकेदुखी, सूज, सगळ्यावर तोच उतारा. धातू अगदी खास मिश्रणाचा आहे, असं पर्किन्स सांगे. बघणाऱ्यांना ते पितळ आणि पोलाद दिसे. जॉर्ज वॉशिंग्टननेही एक जोडी घरात घेतली होती म्हणतात. १७९७ साली कनेटिकटच्या वैद्यकीय सभेने पर्किन्सला सभासदत्वावरून काढून टाकलं. अशा ठरावांनी खप कमी होतो, हा वैद्यकीय सभांचा समज तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. पर्किन्सचा मुलगा सळया घेऊन लंडनला गेला आणि तिथे पाच गिनींना जोडी विकू लागला. पाच गिनी ही तेव्हा चांगल्या घरातही जपून मोजायची रक्कम. साहजिकच चांगल्या घरांतून मागणी आली.

बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. सांधे धरलेली सगळी इंग्रज शिष्ट मंडळी तिथे पाण्यात बसायला यायची, म्हणजे सळयांना याहून बरी बाजारपेठ नव्हती. त्याच गावात डॉ. जॉन हेगार्थ राहत होते. हा माणूस देवीच्या आणि तापाच्या साथींवर आयुष्यभर काम केलेला, आकडे मांडणारा. त्यांनी सळयांवर टीका केली नाही, लेख लिहिला नाही, ठरावही मांडला नाही. त्यांनी लाकडाच्या दोन कांड्या करवून घेतल्या आणि धातूसारख्या रंगवल्या.

जानेवारी महिन्यात बाथच्या इस्पितळात संधिवाताचे पाच जुने रुग्ण निवडले. लाकडी कांड्या दुखऱ्या सांध्यांवरून विधिवत फिरवल्या. पाचांपैकी चौघांना तिथल्या तिथे आराम वाटला. एकाचा गुडघा गरम झाला आणि तो चांगला चालू लागला, एवढंच नव्हे तर डॉक्टरांसमोर समाधानाने चालून दाखवू लागला. एकाचं दुखणं नऊ तास थांबलं आणि झोपायला गेल्यावर परत आलं. दुसऱ्या दिवशी त्याच पाचांवर अस्सल, पाच गिनींच्या सळया फिरवल्या. गुण तितकाच आला. ब्रिस्टॉलच्या इस्पितळात दुसऱ्या एका डॉक्टरने तर यापुढे मजल मारली. त्याने पाटीवरची पेन्सिल आणि रंगवलेल्या तंबाखूच्या पाइपचे तुकडे वापरले. त्यांनीही लोक बरे वाटून घेऊन घरी गेले.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा माणूस तो चालून दाखवणारा गुडघेवाला. त्याच्या चालण्यात खोट काढता येत नाही. पाय त्याचे, गुडघा त्याचा, चाललाही तोच. लाकूड होतं हे कळल्यावर त्याने काय केलं असेल? पुन्हा लंगडायचं, की 'मला काय, मी चालतो आहे' म्हणायचं? मी असतो तर लाकडाच्या कांड्याच मागून घेतल्या असत्या. त्या स्वस्त पडल्या असत्या.

हेगार्थसाहेबांनी १८०० साली हे सगळं पुस्तकात मांडलं. कल्पनाशक्ती रोग आणतेही आणि घालवतेही, असा त्याचा विषय. त्यात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि ती वाचल्यावर मी तालुक्याच्या दिशेने हात जोडले: तेच औषध नामांकित डॉक्टरच्या हातून जास्त लागू पडतं, नवख्याच्या हातून कमी. म्हणजे हाताला गुण. आमच्या बाकावरच्या मंडळींना हे पुस्तक न वाचता कळलेलं होतं.

पुस्तकाने पर्किन्सचा धंदा बसला असेल, असं वाटणाऱ्याला माणसांचा अनुभव कमी आहे. १८०१ साली जेम्स गिलरेने या सळयांवर व्यंगचित्र काढलं. खुर्चीत बसलेल्या एका ढेरपोट्याच्या लालबुंद नाकावर डॉक्टर सळया टेकवतोय. आणि त्यानंतर तीनेक वर्षांनी लंडनमध्ये पर्किन्सच्या नावाने गोरगरिबांवर सळयांचे उपचार करणारी एक संस्थाच निघाली. खुद्द पर्किन्स हे वैभव बघायला नव्हता. त्याने तापांवर मीठ आणि व्हिनेगरचं एक रामबाण औषध काढलं होतं. १७९९ साली न्यूयॉर्कला पीतज्वराची साथ आली, तेव्हा तो स्वतःच्या औषधावर पूर्ण भरवसा ठेवून रोग्यांची सेवा करायला तिथे गेला. त्याच तापाने तिथेच वारला. भामटा असता तर घरी बसला असता. बिचाऱ्याचा खरंच विश्वास होता. तापाचा नव्हता.

पाच गिनींवरून आठवलं. २००८ साली अमेरिकेत काही संशोधकांनी लोकांना विजेचे छोटे छोटे झटके दिले आणि दुखू नये म्हणून गोळी दिली. गोळी पोकळच. निम्म्यांना सांगितलं, हिची किंमत अडीच डॉलर. उरलेल्यांना सांगितलं, हीच आता सवलतीत दहा सेंटला मिळते. अडीच डॉलरवाल्या शंभरांतल्या पंच्याऐंशी जणांचं दुखणं कमी झालं, दहा सेंटवाल्या शंभरांतल्या एकसष्ट जणांचं. महागडं खोटं औषध स्वस्त खोट्या औषधापेक्षा सरस, हे सिद्ध केल्याबद्दल त्यांना त्या वर्षीचं इग नोबेल मिळालं. हे नोबेलचं थट्टेखोर धाकटं भावंड, हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी गोळी आणि बाजारात चौपट किमतीला मिळणारी तीच गोळी, यांत आत्या दुसरीच का निवडते, याचं उत्तर तिला कुणी मागितलं नव्हतं, म्हणून इग नोबेल राहिलं.

पुढची पायरी ऑपरेशनची. ह्यूस्टनला गुडघे झिजलेल्या १८० माजी सैनिकांचे तीन गट केले. दोन गटांची दुर्बिणीतून खरीखुरी शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या गटाला टेबलावर घेतलं, औषध देऊन झोपवलं, गुडघ्याला चिरा दिल्या, खरं वाटावं म्हणून पाण्याचा आवाजही केला आणि चिरा शिवून टाकल्या. आत कुणी गेलंच नाही. दोन वर्षं मागोवा घेतला. दुखण्यात आणि चालण्यात खरं ऑपरेशनवाले खोट्यांपेक्षा काडीनेही पुढे नव्हते. हे २००२ साली छापून आलं, तेव्हा सर्जन मंडळींत बरीच खळबळ झाली. गुडघ्यांनी काही मत दिलं नाही.

म्हणजे हे सगळं मनाचे खेळ? आपल्याकडे हा शब्दप्रयोग दुखणं मोडीत काढायला वापरतात. 'काही नाही हो, मनाचे खेळ आहेत' असं सासूने म्हटलं, की सुनेचं डोकं जास्त दुखतं. पण मन काय कोपऱ्यावरच्या टपरीवर बसलेलं असतं? ते याच शरीरात भाडं न भरता राहतं आणि शरीराच्या कोठारातून वस्तू काढायच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. १९७८ साली कॅलिफोर्नियात अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर हे बघितलं गेलं. अक्कलच काढून घेतल्यावर विश्वास बसायला अडचण कसली, हा माझा शेरा, संशोधकांचा नाही. औषध म्हणून काहीच नसलेलं इंजेक्शन दिल्यावर त्यांच्यातल्या काहींचं दुखणं कमी झालं. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं. अफूच्या जातीच्या औषधांचा असर पुसून टाकणारं हे औषध. त्याबरोबर कमी झालेलं दुखणं परत वाढलं. याचा अर्थ नुसत्या भरवशावर त्यांच्या शरीराने आपली घरची अफू काढली होती. दुखणं थांबल्याचा भास झाला नव्हता, दुखणं थांबवणारं रसायन आत खरोखर पाझरलं होतं. आमच्या डॉक्टरांच्या 'हं'ने हेच पाझरत असणार. शहरातल्या 'बघू या'ने ते आटतं.

आता इथपर्यंत आलेल्या वाचकातला एखादा उत्साही गृहस्थ म्हणेल, मग काय, सगळंच विश्वासावर सोपवू. त्याला आधी दमेकऱ्यांकडे घेऊन जातो. जूनमध्ये मृग नक्षत्र लागलं की हैदराबादला दम्यासाठी जिवंत मासा गिळायला हजारो माणसं जातात. आपल्याकडूनही जातात, डबा बांधून. छोटासा मासा, त्याच्या तोंडात औषधाची गोळी, आणि सगळं घशाखाली. शाकाहाऱ्यांना तेच गुळातून. आमच्या नात्यातले एक जण जाऊन आले. मासा गेल्यावर छाती मोकळी झाली, असं ते वर्षभर सांगत. सांगताना धाप लागे, तेव्हा थांबत. त्यांना मी खोटं म्हणणार नाही, कारण २०११ साली बॉस्टनच्या संशोधकांनी दमेकऱ्यांवर हेच मोजलं. एकदा खऱ्या औषधाचा पंप, एकदा रिकामा पंप, एकदा खोट्या सुया, एकदा नुसतं बसवून ठेवणं. 'कसं वाटतंय?' म्हणून विचारलं, तर खरा पंप, खोटा पंप आणि खोट्या सुया, तिन्हींना जवळजवळ सारखाच आराम. मग यंत्रात फुंकर मारायला लावली. खऱ्या औषधाने फुप्फुसाची ताकद २० टक्क्यांनी वाढली, बाकी सगळ्यांची ७ टक्क्यांच्या आसपास. आणि त्या सातात नुसते बसवून ठेवलेलेही होते. बरं वाटणं आणि बरं होणं यांच्यामधलं हे अंतर. डोकेदुखीत ते जवळजवळ नसतंच, कारण दुखेनासं वाटलं म्हणजे दुखेनासं झालंच. दम्यात ते रात्री तीन वाजता कळतं.

कोकणात ते विंचवाने दाखवलं. विंचू उतरवणारा माणूस पूर्वी गावागावात असे. पुष्कळ विंचवांचा दंश म्हणजे नुसत्या जीवघेण्या कळा. रात्रभर ठणकतं, सकाळी ओसरतं. मांत्रिक रात्रभर मंत्र म्हणत बसे आणि सकाळ तर रोजच होते. कळा सोसणाऱ्याला शेजारी कुणी जाणतं माणूस बसल्याचा आधार वाटत असे, तोही काही थोडा नाही. पण लाल विंचू निराळा. त्याच्या विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरतं, आणि कालपर्यंत अंगणात खेळणारं पोर दगावतं. इथे मंत्र चालला नाही, अंगारा चालला नाही, आणि त्या वेळची डॉक्टरी औषधंही फारशी चालत नव्हती. १९७०च्या दशकात महाड भागातल्या सरकारी आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी एकेका रोग्याच्या उशाशी बसून हे विष नेमकं काय करतं ते टिपलं, 'लॅन्सेट'ला लिहिलं, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या प्राझोसिनचा मोठेपणा असा, की त्याला कुणाच्या विश्वासाची गरज लागत नाही. दोन वर्षांच्या पोराने 'लॅन्सेट' वाचलेलं नसतं, डॉक्टरच्या हाताला गुण आहे का, याची त्याने चौकशीही केलेली नसते, तरी ते लागू पडतं. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, त्यात साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला. डोकं दुखतं म्हणून दृष्ट काढणाऱ्या आजीला त्या कायद्याने हात लावलेला नाही. कायदा करणाऱ्यांनाही आज्या असणारच.

विश्वासाचं दुसरं तोंड उलट्या बाजूला आहे, आणि ते आमच्या आत्याकडे आहे. गोळ्यांच्या खोक्यात घडी घातलेला तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो वाचणारी माणसं जगात दोनच. एक छापखान्यातला प्रूफरीडर आणि दुसरी आमची आत्या. भिंग घेऊन वाचते. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली तेव्हा कागदावर होतं, स्नायू दुखू शकतात. संध्याकाळपर्यंत दुखले. पुढच्या ओळीत पोट होतं. रात्री पोट. मी म्हटलं, 'आत्या, तू क्रमाने चाललीयेस.' तर म्हणाली, 'कंपनी खोटं कशाला छापेल रे?' यावर लंडनला एक छान प्रयोग झाला आणि २०२० साली जाहीर झाला. ही गोळी सोसत नाही म्हणून बंद केलेली साठ माणसं घेतली. प्रत्येकाला बारा बाटल्या, दर महिन्याला एक. चार बाटल्यांत खरी गोळी, चारांत पोकळ, चार बाटल्या चक्क रिकाम्या. रोज त्रास किती झाला ते फोनवर नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जास्त. आणि पोकळ गोळीच्या महिन्यांतही जवळजवळ तेवढाच. हिशेब केला, तर खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासातला नव्वद टक्के त्रास पोकळ गोळीनेही होत होता. ज्याचे त्याला आकडे दाखवल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. मी आत्याला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, 'म्हणजे रिकाम्या बाटलीनेही त्रास होतोच की थोडा.'

आता डॉक्टरांपुढे पेच असा, की पेशंटला फसवून पोकळ गोळी द्यायची नाही, हा आजचा धर्म. तो योग्यच आहे, कुणालाही फसवून घ्यायला आवडत नाही. मग काय, विश्वासाचं दुकान बंद? तर २०१० साली हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांच्या गटाने सरळ खरं सांगून बघितलं. पोटाच्या जुनाट तक्रारीचे, गच्च, गुडगुड, कधी साफ कधी नाही या जातीचे, ८० पेशंट. सगळ्यांशी डॉक्टर सारख्याच आपुलकीने बोलले. निम्म्यांना काही दिलं नाही. निम्म्यांना बाटली दिली, तिच्यावर ठळक लिहिलेलं 'प्लासिबो', आणि तोंडी सांगितलं, यात औषध काहीही नाही, पण अशा गोळ्यांनीही शरीराला गुण येतो असं दिसून आलं आहे, तेव्हा दिवसातून दोनदा नेमाने घ्या. तीन आठवड्यांनी विचारलं. काही न घेतलेल्या शंभरांत पस्तीस जणांना पुरेसा आराम पडला होता. माहीत असून पोकळ गोळी घेणाऱ्या शंभरांत एकोणसाठ जणांना.

हे मी मामांना सांगितलं. सांगायला हवंच होतं, कारण मामांचं पोट हा आमच्या घराण्याचा सामायिक विषय आहे. मामा पाय हलवायचे थांबून ऐकत होते.

'म्हणजे गोळीत काहीच नाही?'

'काहीच नाही, मामा.'

'साखर असेल.'

'साखरसुद्धा नाही. झाडाच्या लगद्याची पांढरी भुकटी असते, निर्गुण.'

'आणि हे त्या लोकांना माहीत होतं?'

'बाटलीवर लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलंही होतं.'

'तरी पोट सुधारलं?'

'निम्म्याहून जास्त लोकांचं.'

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत चढवला. कोनाड्यातली वही घेतली, नवं पान काढलं, वर तारीख घातली आणि पेन्सिल रोखून मला विचारलं,

'जेवणाआधी की जेवणानंतर?'